मोतीचे समुद्रोल्लंघन

आमच्या घराण्यात परदेशी गेलेली माणसे पुष्कळ. पण जाण्यापूर्वी रक्ताची परीक्षा देऊन परक्या सरकारकडे आपली निर्दोषता सिद्ध करावी लागली, असा मोती हा पहिलाच. मोती म्हणजे माझ्या भाचीचा कुत्रा. जातीने कारवानी. सोलापूर-सांगलीकडच्या माळावर मेंढरांच्या मागेपुढे जी लांब तोंडाची, खपाटीला गेलेल्या पोटाची, काटकुळ्या पायांची कुत्री दिसतात, त्यांतला.

जावईबापूंना जर्मनीत तीन वर्षांची नोकरी मिळाली. 2022 च्या जूनमध्ये बिऱ्हाड हलवायचे ठरले. तेव्हा भाचीच्या आठ वर्षांच्या लेकीने भरल्या ताटावरून जाहीर केले, की मोती येणार नसेल तर मीही येणार नाही. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही आता मोकळेच आहात. मोतीच्या कागदपत्रांचं तेवढं बघा ना!"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कागदपत्रांचे काय एवढे, म्हणून मी हो म्हटले. मोतीला नेऊन पिसाळीची लस टोचून आणली आणि आठवड्याने, कोणीतरी सांगितले म्हणून, मानेजवळ कातडीखाली ती तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवून घेतली. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. झाले काम, असे मला वाटले. नंतर नियम वाचले तेव्हा घाम फुटला. आधी चिप, मग लस, असा तो क्रम आहे. चिपेच्या आधीची लस युरोपच्या लेखी टोचलीच नाही असे समजतात. कारण टोचलेला कुत्रा हाच, याला पुरावा काय? तेव्हा लस पुन्हा. त्यानंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढायचे, ते मान्य प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि रक्तरसात मिलिलिटरमागे किमान अर्धे आंतरराष्ट्रीय एकक एवढी प्रतिकारद्रव्ये आढळली, तरी रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे! माझ्या घाईमुळे मोतीचा जूनचा प्रवास हुकला. पोर रडत रडत गेली. जाताना मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही याला विसरणार नाही ना?" त्या प्रश्नाने मी कधी नव्हे इतका ओशाळलो.

मग ते चार महिने मी आणि मोती. दुसरे काम नव्हते, म्हणून हे नियम आले कोठून याच्या मागे लागलो. आणि वाचकहो, प्रत्येक नियमाच्या पाठीशी एक जुने भय उभे आहे असे दिसू लागले.

भय पिसाळीचे. आपल्याकडेही ते नवे नाही. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी मंडळी खवळून उठली आणि शहरात दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. चावलेल्या माणसाला मात्र तेव्हा कोणताच उपाय नव्हता. तो निघाला 6 जुलै 1885 रोजी, जेव्हा लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचली गेली. ते पोर वाचले. 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, 1907 साली कुन्नूरला. तोवर कुत्रा चावलेल्या हिंदी माणसाला पाश्चरची लस हवी असेल तर वाट पार पॅरिसची होती. पोटातली चौदा इंजेक्शने माझ्या पिढीला आठवत असतील. आठवले तरी पोट आखडते.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. बेट असल्याचा फायदा घेऊन दारच बंद केले. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइन, हा नियम तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी पक्का झाला. हा शब्द मूळचा चाळीस दिवसांचा, रोगराईच्या काळात व्हेनिसच्या बंदरात जहाजे तेवढे दिवस थोपवून धरीत त्यावरून आलेला. 2020 नंतर तो कोणाला समजावून सांगायला नको. कुत्र्याला मात्र चाळीस दिवस पुरत नाहीत, कारण पिसाळीचे विष अंगात शिरल्यावर कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने गप्प बसते. 1902 मध्ये इंग्लंडातून रोग गेला. पण 1918 साली, महायुद्धाहून परतणाऱ्या शिपायांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हा शिरला आणि 1922 पर्यंत ठाण मांडून बसला. ते शिपाई दुष्ट होते असे मला वाटत नाही. खंदकात ज्याने सोबत केली त्याला मागे टाकवेना, एवढाच त्यांचा अपराध. 1969 मध्ये तर कॅम्बरली गावी जर्मनीहून परत आणलेला एक कुत्रा पुरते सहा महिने कोंडून ठेवला होता. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो पिसाळला.

येथे मुधोळची आठवण होते. तेथील संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या भागातल्या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, असे सांगतात. ते कुत्रे म्हणजे आमच्या मोतीचेच भाऊबंद. राजाच्या कुत्र्यांनाही सहा महिने कोंडले होते काय, हा प्रश्न मी मोतीला विचारला. तो जांभई देऊन झोपला.

इंग्लंडची ती कोठडी 2000 साली सैल झाली आणि तिच्या जागी लस, चिप व रक्तपरीक्षा आली. तीन महिन्यांची वाट म्हणजे त्या कोठडीचाच अवशेष. फरक एवढा, की आता कुत्रा ती आपल्या घरी काढतो. जर्मनीने तर जंगलातल्या कोल्ह्यांना लशीची आमिषे टाकून 2008 मध्ये हा रोग हटवला. पिसाळीने जगात सर्वाधिक माणसे मरतात ती आपल्या देशात. मग ते आमच्या मोतीकडे संशयाने बघतात यात राग मानण्यासारखे काय आहे? आपल्याकडे विलायतेहून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. येथे ते जाण्यापूर्वी घ्यायचे, एवढेच.

दरम्यान सुताराकडून पेटी करून घेतली. आत कुत्र्याला सरळ उभे राहता, वळता आणि पसरून निजता आले पाहिजे, असा विमानवाल्यांचा दंडक. पहिले दहा दिवस मोती तिच्याकडे फिरकेना. मग मी दार काढून ठेवले, आत पोरीच्या अंगावरची जुनी सोलापुरी चादर अंथरली आणि भाकरी तेथेच वाढू लागलो. तिसऱ्या आठवड्यात तो आपण होऊन आत निजला. गुंगीचे औषध देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते; उंचावर ते जिवावर बेतू शकते.

दिवाळीला भाची न्यायला आली. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने पहिल्या वर्गाचा कूपे घेऊन आम्ही मुंबई गाठली. प्राणी संगरोध सेवेच्या डॉक्टरांनी चिप वाचली, मोतीला तपासले आणि दाखला दिला. पेटी आत जाताना तो भुंकला नाही. मीच चष्मा पुसत उभा राहिलो.

परतीचे मात्र मी निघतानाच लिहून दिले होते. पिसाळीची लस एक दिवसही चुकवायची नाही. चुकली तर तो रक्ताचा दाखला रद्द होतो. येताना लस महिन्याहून जुनी हवी, पण वर्षाच्या आतली. तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला हवा आणि इकडच्या संगरोध सेवेचा नाहरकत दाखला आधीच मिळवायला हवा. भाचीने हा कागद तिकडच्या स्वयंपाकघरात भिंतीला डकवून ठेवला होता म्हणे.

2025 च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले होते त्याच आठवड्यात, मंडळी परतली. मोतीच्या तोंडावर पांढरे आले होते. त्याने अंगण हुंगले, माझे पाय हुंगले, शेपटी दोनदा हलवली. पोरगी आता उंच झालेली. तिने त्याच्यासाठी ओसरीवर नवे पोते अंथरले. मोती त्याला वळसा घालून पेटीत शिरला आणि त्या जुन्या चादरीवर वेटोळे करून निजला. पेटी अजून ओसरीवर आहे. सुतार दोनदा विचारून गेला, लाकूड चांगले आहे, विकता का म्हणून.