जनुकपरीक्षकाची सनद

वकिलास सनद लागते, डॉक्टरास नोंदणी लागते, औषधे विकणारासही परवाना लागतो. परंतु रोग्याच्या रक्ताचा थेंब तपासून त्याच्या कुळात कोणता आजार उतरला आहे आणि पुढे उतरेल हे जो कागदावर लिहून देतो, त्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाच्या अधिकाराची चौकशी आपल्या समाजाने फारशी केलेली नाही. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून या दक्षिण महाराष्ट्रातील कितीतरी घरांतून जीवशास्त्राचे पदवीधर बाहेर पडले. त्यांपैकी एखादा जनुकपरीक्षेच्या धंद्यात शिरू लागला, म्हणजे त्यास शिकविल्या जाणाऱ्या गोष्टी घरच्या वडील मंडळींस चमत्कारिक वाटतात. एका खोलीतील पांढरा डगला दुसऱ्या खोलीत न्यावयाचा नाही. प्रत्येक परीक्षेबरोबर एक रिकामी नळी चालवावयाची. जे दिसले त्यांतील काही गोष्टी कोणापाशीही बोलावयाच्या नाहीत. हे सोवळे कशासाठी, असा प्रश्न सहजच पडतो. आमच्या मते याचे उत्तर शास्त्रापेक्षा इतिहासातच अधिक सापडते. या धंद्यातील जवळजवळ प्रत्येक नियम ही कोणत्या तरी जुन्या घटनेची आठवण आहे, आणि शिक्षण म्हणजे त्या आठवणी नव्या हातांच्या स्वाधीन करणे होय.

यांतील पहिली आठवण प्लेगच्या काळातील आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढे शाहू महाराजांच्या कारकीर्दीत त्याने कोल्हापुरासही गाठले. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. येथून गेलेल्या लसीने हजारोंचे प्राण वाचविले. परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ लोकांस लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते एकोणीसही जण एकाच कुपीचे होते. दोष हाफकिन यांच्या माथी बसला व त्यांचे पद गेले. पुढे पुराव्यावरून दिसून आले की, कुपी उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा भुईवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. हाफकिन यांच्यावरील कलंक धुऊन निघावयास १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.

आता आजच्या विद्यार्थ्याच्या खोल्यांकडे पाहावे. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी जी पी.सी.आर. ही युक्ती शोधली, तिच्या योगाने डी.एन.ए.च्या इच्छित तुकड्याच्या प्रती प्रत्येक आवर्तनास दुप्पट होतात. तीस आवर्तनांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, निदान हिशेबाने तरी. म्हणजे काल तपासलेल्या नमुन्याचा डोळ्यांस न दिसणारा कण आजच्या नळीत पडला, तर निरोग्याचा कागद रोग्याचा होऊन बसतो! म्हणून तयारीची खोली वेगळी, वाढीची वेगळी, आणि माणसाची वाट एकाच दिशेची. रिकाम्या नळीत काही उगवले, तर त्या दिवसाचे सर्व काम टाकून द्यावयाचे. मुल्कोवालचा चिमटा या नियमांत अजून जागा आहे. कुपीचा क्रमांक नोंदलेला होता म्हणूनच सत्य कळले; नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद विद्यार्थ्याकडून घोकून घेतात, तीही याचसाठी.

दुसरी आठवण मुंबईचीच आहे, आणि ती सुदैवाने अभिमानाची आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोगनिदानशास्त्राचे शिक्षण लंडनास पुरे करून मुंबईत एक शिष्यपरंपरा उभी केली. त्यांनी व डॉ. संघवी यांनी १९४९ साली मुंबईतील सहा ज्ञातींच्या सात आनुवंशिक लक्षणांची मोजदाद प्रसिद्ध केली. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. सनद नव्हती, गुरू होता. याच काळात, १९५२ साली, डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांच्यापुढे दोन रोगी आले: एक रेल्वेच्या अपघातातील, दुसरा भोसकला गेलेला. नेहमीच्या परीक्षेत दोघांचेही रक्त ‘ओ’ गटाचे दिसे, परंतु ‘ओ’ रक्तही त्यांस जुळेना. दीडशेहून अधिक दाते तपासावे लागले. आळशी हाताने ‘परीक्षा चुकली’ म्हणून कागद फेकून दिला असता. या मंडळींनी प्रथम आपल्याच परीक्षेवर संशय घेतला, ती पुन्हा पुन्हा पडताळली, आणि नंतरच लंडनच्या तज्ज्ञांच्या साहाय्याने नवा गट जाहीर केला. जगात तो ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो. त्याचे मूळ जनुकातील कोणत्या बदलात आहे, हे पुढे चाळीसएक वर्षांनी कळले.

हीच सवय आज एखाद्या कुटुंबाच्या संबंधात किती मोलाची ठरते, ते पाहा. थॅलेसेमियाचे वाहक आपल्या देशात शंभरात तीन-चार असतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास हा गंभीर आजार होण्याचा संभव चारांत एक. अशा वेळी गर्भाच्या वारेचा बारीक अंश काढून त्याची परीक्षा करतात. त्यात आईच्या पेशी मिसळल्या असल्या, तर अहवाल गर्भाचा म्हणून येतो आणि असतो आईचा. ‘मूल केवळ वाहक आहे, चिंता नको’ असे लिहिलेल्या कागदामागून आजारी मूल जन्मास येऊ शकते. म्हणून उत्तर कितीही स्वच्छ दिसले तरी, आईचे व गर्भाचे रक्तद्रव्य निराळे आहे हे सिद्ध केल्यावाचून सही करावयाची नाही, हे विद्यार्थ्यास शिकावे लागते.

तिसरी आठवण लज्जेची आहे, आणि तीत कोल्हापूरचा वाटा आहे. गर्भजल तपासून गुणसूत्रे वाचण्याची विद्या आली ती आजार ओळखण्यासाठी. परंतु गुणसूत्रांत मुलगा की मुलगी हेही दिसते. १९८० नंतर मुंबईत या विद्येचा बाजार मांडला गेला आणि मुली जन्मापूर्वीच नाहीशा होऊ लागल्या. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम या परीक्षांवर कायद्याचा अंकुश घातला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ च्या आरंभापासून अमलात आला. तोवर प्रयोगशाळेने उघडलेल्या वाटेने सोनोग्राफी स्वस्तात चालू लागली होती. २००१ च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली केवळ ८३९ भरल्या. शाहू महाराजांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या जिल्ह्याचा हा आकडा! २०१० च्या सुमारास येथील जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफीच्या यंत्रांवर नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याची मोहीम हाती घेतली. या कायद्याने जनुकशाळेस नोंदणी सक्तीची केली, तेथील तज्ज्ञाची व तंत्रज्ञाची पात्रता व अनुभव नियमांत लिहिला, आणि गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्यास मनाई केली. जाणणे आणि सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडील विद्यार्थ्यास कायद्यानेच शिकविले.

कॅलिफोर्नियात जनुकपरीक्षेचे शिक्षण घेणाऱ्या उमेदवारासही आधी परवाना घ्यावा लागतो; मग मान्य प्रयोगशाळेत उमेदवारी, परीक्षा, आणि शेवटी खरी सनद. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या कायद्याने आपल्या परिशिष्टात ‘मॉलिक्युलर जेनेटिसिस्ट’ हे नाव घातले आणि नोंदणीची तरतूद केली. शंभर वर्षांहून अधिक काळ जे गुरूच्या भरवशावर चालले, त्यास कायद्याने नाव दिले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र परिशिष्टातील नाव म्हणजे शिक्षण नव्हे. भुईवर पडलेला चिमटा, न जुळणारे रक्त आणि न बोलावयाची गोष्ट या तिन्हींची शिस्त ज्याच्या अंगी बाणली आहे, त्यासच नोंदवहीत जागा मिळावी, असा आग्रह समाजाने धरला पाहिजे. आमच्या वाचकांच्या घरी यापुढे असे अहवाल येतच राहतील. त्यांतील आकडे वाचण्यापूर्वी खाली सही कोणाची आहे आणि ती करण्यास तो कोठे व कोणाच्या हाताखाली शिकला, एवढे विचारण्याचा संकोच कोणी बाळगू नये.