साडेत्रेसष्ट अंशांचें आकाश

गिरगांवांतील जुन्या चाळींच्या मधोमध जो अरुंद बोळ असतो, त्यास मुंबईकर घरगल्ली म्हणतात. आमची खिडकी अशाच एका घरगल्लीवर उघडत असे. भर दुपारींही दिव्यावांचून पुस्तक वाचतां येत नसे. त्यामुळें दोन घरांत अंतर किती असावें, हा प्रश्न मला केवळ इंजिनियरांचा कधींच वाटला नाहीं.

१८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें रस्त्याची नियमित रेषा आंखण्याचा अधिकार कमिशनरास दिला. घर पुन्हां बांधतांना तें त्या रेषेमागें घ्यावें व सोडलेल्या जमिनीचा मोबदला मालकास मिळावा, अशी त्यांत तजवीज होती. परंतु ही रेषा घराचें तोंड पाहणारी. मागच्या खोलीकडे सर्वांचें लक्ष वेधलें तें प्लेगनें. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासियो व्हिएगास यांनीं मांडवी भागांत तो ओळखला आणि १८९८ त इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग पिसवांमुळें पसरतो हें तेव्हां सर्वमान्य झालें नव्हतें. सारा दोष अंधारावर व कोंदट हवेवर. निदान चुकलें खरें, पण औषध वायां गेलें नाहीं; क्षयाला तें लागू पडतेंच.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यानें दिलीं. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३½ अंशांनीं चढणारी रेषा समोरच्या इमारतीनें अडवूं नये, हा त्यांच्या आग्रहाचा नियम. त्रिकोणमिति विसरलेल्या वाचकांसाठीं सांगतों: समोरची इमारत चाळीस फूट उंच, तर मध्यें वीस फूट मोकळें आकाश. सोन्याच्या भावाच्या जमिनीवर हें मालकांस जड वाटावें, यांत नवल नाहीं.

नियम म्हटला कीं अपवाद आलाच. न्यूयॉर्कनें १९१६ त असे नियम केले, तेव्हांच अपील-मंडळाचीही सोय केली. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलींतही, उघड अडचण दिसल्यास व आरोग्यास बाध येत नसल्यास, मापें शिथिल करण्याची मुभा कमिशनरास होती. आडव्यातिडव्या तुकड्याच्या गरीब मालकास ती हवीच. पण पुढें कमी पडलेल्या अंतराबद्दल प्रीमियम भरून घेण्याची वहिवाट पडली, आणि अडचणीची सवलत विकत मिळूं लागली. या व्यवहारांत मालक आहे, म्युनिसिपालिटी आहे. तळमजल्यावरचा भाडेकरू मात्र नाहीं.

आमची चाळ आतां पाडली गेली आहे. नव्या नकाशांत मागें किती जागा सोडली, असें मीं विचारलें. "सूट मिळाली आहे," एवढेंच उत्तर आलें.