समीकरण आणि सांडवा : नाशिकचे जलसंशोधन

वाहत्या द्रवावरील दाब, चिकटपणा व गुरुत्व यांचा हिशेब मांडणारी नाविए-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली. परंतु सांडव्यावरून, म्हणजे धरणातील जादा पाणी सोडण्याच्या वाटेवरून, फेसाळत कोसळणाऱ्या पुराला ती लावून उत्तर काढणे कागदावरच्या गणिताच्या आवाक्याबाहेरच राहिले. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये आरंभलेल्या आणि पुढे खडकवासल्याला स्थिरावलेल्या जलसंशोधनाप्रमाणेच, १९५९ पासून नाशिकला कार्यरत असलेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेही, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘मेरी’नेही, म्हणूनच धरणांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून पाहण्याचा मार्ग धरला.

हा मार्ग गणिताला फाटा देणारा मात्र नव्हे. फ्रूड यांच्या नियमानुसार प्रतिकृतीतील वेग लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतो. त्यामुळे ४९ पट लहान प्रतिकृतीत वेग ७ पटींनी, तर विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, तब्बल १६,८०७ पटींनी कमी ठेवावा लागतो. पाण्याचा चिकटपणा मात्र प्रतिकृतीबरोबर आक्रसत नाही, तेव्हा चिकटपणाशी निगडित असलेला रेनॉल्ड्स यांचा नियम त्याच वेळी पाळता येत नाही, आणि ही तडजोड कोठवर चालवून घ्यायची हे ठरवतानाच संशोधकाचा खरा कस लागतो.