दुसरा राउटर, सामायिक घरगुती नेटवर्कमधील

एकाच इंटरनेट जोडणीवर चालणाऱ्या घरात पहिल्या राउटरच्या पुढे लावलेला आणखी एक राउटर. वायफाय दूरच्या खोल्यांपर्यंत पोचवणे, किंवा घरमालक, भाडेकरू आणि एकत्र राहणारे विद्यार्थी यांची उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवणे, असे त्याचे दोन उपयोग आहेत. उपकरण तेच असले तरी दोन्ही कामांसाठी केबल वेगळ्या ठिकाणी खोचावी लागते. हे आधी न ठरवल्यामुळे अनेक अडचणी उद्भवतात.

घरगुती राउटरमध्ये खरे तर अनेक साधने एकत्र असतात : दोन नेटवर्क जोडणारा राउटर, केबलींसाठी स्विच, वायफायचा ॲक्सेस पॉइंट आणि प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर. त्याचा वॅन पोर्ट बाहेरच्या जोडणीसाठी, तर लॅन पोर्ट घरातल्या उपकरणांसाठी असतात.

केवळ वायफायचा पल्ला वाढवायचा असेल, तर पहिल्याच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये जोडतात आणि दुसऱ्यातील डीएचसीपी बंद करतात. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास दुसऱ्याला १९२.१६८.१.२ सारखा, वाटपाच्या यादीबाहेरचा पत्ता द्यावा लागतो. अनेक राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला की हे आपोआप होते. मग सारे घर एकाच नेटवर्कवर राहते आणि प्रिंटर किंवा टीव्ही कोणत्याही खोलीतून सापडतो. दोन्ही डीएचसीपी चालू राहिले, तर काही उपकरणांना चुकीचा मार्ग मिळतो आणि इंटरनेट कधी चालते, कधी नाही. हा दोष शोधायला अवघड असतो, कारण तो एका वेळी एखाद्याच फोनवर दिसतो.

वेगळेपणा हवा असल्यास पहिल्याची केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये जाते. दुसरा राउटर मग पहिल्याच्या दृष्टीने एकच उपकरण ठरतो आणि आपल्या मागे स्वतंत्र नेटवर्क उभारतो. त्याची पत्त्यांची मालिका वेगळी हवी, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.x. बाहेरच्या, म्हणजे पहिल्या राउटरच्या, नेटवर्कवरील लॅपटॉपला आतल्या उपकरणाशी स्वतःहून संपर्क साधता येत नाही. आतल्याला मात्र बाहेरच्यापर्यंत पोचता येते. म्हणून पाहुण्यांना दुसऱ्या राउटरवर ठेवले की आपण सुरक्षित झालो, ही समजूत उलटी आहे : संरक्षण आतल्याला मिळते. दोन्ही पक्षांना ते हवे असेल, तर प्रत्येकाचा राउटर पहिल्याच्या मागे स्वतंत्रपणे लावावा, म्हणजे एकूण तीन राउटर होतात. एवढा खटाटोप नको असल्यास पहिल्या राउटरचे ‘गेस्ट नेटवर्क’ वापरणे सोपे. पहिला राउटर ज्याच्या हाती आहे, त्याला जोडणी तोडता येते आणि कोणत्या सर्व्हरशी संपर्क होतो हेही पाहता येते. ते दुसऱ्या राउटरने टळत नाही.

वॅन पोर्टच्या या मांडणीत पत्त्यांचे रूपांतर दोनदा होते, त्याला डबल नॅट म्हणतात. संकेतस्थळे व चित्रपट पाहण्यात फरक पडत नाही. काही ऑनलाइन खेळांसाठी किंवा सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी मात्र पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी ठरावीक उपकरणाकडे वळवणे) दोन्ही राउटरवर करावे लागते. सेवा पुरवठादारही एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत असेल (त्यासाठी १००.६४.०.० पासूनची मालिका २०१२ मध्ये राखून ठेवली गेली), तर तेवढ्यानेही भागत नाही.

दुसऱ्या राउटरने विकत घेतलेला वेग वाढत नाही. शक्य तेथे केबलच टाकावी : कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते, तर वायफायचा संकेत पकडून पुढे पाठवणाऱ्या, एकाच रेडिओवर चालणाऱ्या रिपीटरमध्ये वेग साधारण निम्म्यावर येतो. २.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही राउटरना १, ६, ११ यांपैकी वेगवेगळे चॅनल द्यावेत. वीज गेल्यावर दुसऱ्या राउटरचे वायफाय चालू राहावे असे वाटत असेल, तर दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर हवेत.

घरात कितीही राउटर असले, तरी बाहेरच्या सर्व्हरना आयपीव्ही४ वर सर्वांचा सार्वजनिक पत्ता एकच दिसतो. गैरवापराची चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते, म्हणून दुसरा राउटर त्याच्या संमतीनेच लावावा.