ग्रीफ, सॉरो, मोर्निंग : दुःखाची मुदत कोण ठरवतं?

आजचा विषय शब्दांचा आहे. पण तो फक्त भाषेच्या अभ्यासकांचा नाही, हे पुढे लक्षात येईल. जवळचं माणूस गेल्यावर जे दुःख होतं, त्याच्या आसपास इंग्रजीत चार शब्द सतत भेटतात : ग्रीफ, सॉरो, मोर्निंग आणि बिरीव्हमेंट. मराठीत आणताना आपण बहुधा ‘दुःख’ आणि ‘शोक’ या दोन शब्दांवरच काम भागवतो. त्यामुळे असा समज होतो की फरक कमी-जास्तपणाचा असेल; एक जरा तीव्र, दुसरा जरा सौम्य. मला वाटतं फरक वेगळाच आहे. हे दुःख कोणाच्या ताब्यात आहे, समाजाच्या, त्या माणसाच्या की डॉक्टरांच्या? आणि ते किती दिवस चालायला परवानगी आहे? हे दोन प्रश्न धरून बसलात, की चारही शब्द आपोआप वेगळे होतात.

आधी मुळं पाहू. सॉरो हा इंग्रजीचा घरचा, जर्मॅनिक कुळातला शब्द. जर्मनमध्ये त्याचा भाऊ आहे ‘झोर्ग’, आणि त्याचा अर्थ काळजी, चिंता. (आपण उठता-बसता म्हणतो ते ‘सॉरी’ मात्र या मुळाचं नाही, ते ‘सोअर’ म्हणजे दुखणं यातून आलं.) ग्रीफ हा पाहुणा आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढच्या शतकांत जे फ्रेंच शब्द आले त्यातला हा एक. त्याचं मूळ लॅटिन ‘ग्राविस’, म्हणजे जड. संस्कृत ‘गुरु’ म्हणजे जड, तो याच कुळातला. आपला ‘शोक’ मात्र ‘शुच्’ धातूतून येतो, त्यात जळण्याचा अर्थ आहे. म्हणजे ग्रीफ दाबतं, शोक जाळतो. बिरीव्हमेंटच्या मुळाशी लुटलं जाणं आहे. ज्याच्याकडून काही हिरावून नेलंय तो बिरीव्हड.

आता वापर. एखाद्याचे वडील वारले. वीस वर्षं बापलेकांचं बोलणं नव्हतं. मुलाच्या डोळ्यांत पाणी नाही. तरी तो बिरीव्हड आहेच, कारण ती वस्तुस्थिती आहे, भावना नाही. तो काळे कपडे घालून चर्चमध्ये उभा राहिला, लोकांना भेटला, तर ते मोर्निंग. बाहेर दिसणारं, रिवाजाचं, मुदत असलेलं. आपल्याकडचं सुतक, दुखवटा हे याच्या सर्वात जवळचे. समजा तीन महिन्यांनी जुन्या कपाटात वडिलांचा चष्मा सापडला आणि तो मटकन खाली बसला, तर ते ग्रीफ. आतलं, एका घटनेला बांधलेलं, लाटेसारखं येणारं. आणि आपण दोघांनी वीस वर्षं वाया घालवली, ही जी खंत त्याला आयुष्यभर मंदपणे सोबत करील, ती सॉरो.

इंग्लंडमध्ये एकोणिसावं शतक हे मोर्निंगचं शतक होतं. १४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट वारले, आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत काळा वेश सोडला नाही. राणीचं सोडा, पण सुस्थितीतल्या विधवेलाही रिवाजाप्रमाणे साधारण दोन ते अडीच वर्षं हा वेश पाळावा लागे. आधी पूर्ण काळा, मग थोडा सैल, मग करडा, जांभळट. विधुराला इतकं काही नव्हतं. हे आपल्याला वेगळं सांगायला नको! लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून केवळ शोकवस्त्रांचं भलंमोठं दुकान होतं. या देखाव्याचा वीट आलेले लोकही होते. १८७० मध्ये चार्ल्स डिकन्स गेले. त्यांनी मृत्युपत्रात बजावून ठेवलं होतं की माझ्या अंत्ययात्रेला येणाऱ्यांनी काळे झगे, टोपीच्या लांब काळ्या फिती असलं काही घालू नये.

म्हणून मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. तो खर्चिक होता आणि बायकांवर अन्याय करणारा होता. पण एक काम तो करत होता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही कपड्यांवरून कळे की या बाईशी जपून बोलायचं आहे. आणि एक दिवस रंग बदलायचा, म्हणजे परत येण्याची वाटही समाजच दाखवायचा.

पहिल्या महायुद्धाने हे मोडलं. मेलेल्यांची संख्या लाखांत. आणि ब्रिटिश सरकारने ठरवलं की सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत. प्रेत नाही, अंत्ययात्रा नाही. ११ नोव्हेंबर १९१९ ला देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळली गेली. अडीच वर्षांच्या जागी दोन मिनिटं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण दिशा ती होती.

या बदलाचा उत्तम साक्षीदार म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर. १९१५ साली ‘लुसिटानिया’ जहाज बुडालं, त्यात त्याचे वडील गेले. तेव्हा तो शाळकरी मुलगा होता, आणि आपल्याशी लोक वेगळं वागतात हे त्याला जाणवलं होतं. १९६१ मध्ये त्याचा भाऊ वारला. आता गोररने एखादं आमंत्रण नाकारताना ‘मी मोर्निंगमध्ये आहे’ असं सांगितलं, तर शिकले-सवरलेले ओळखीचे लोक असे ओशाळत, जणू त्याने काही अश्लील उच्चारलंय. त्यातून त्याने पाहणी केली आणि १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा : मोर्निंग गेलं, ग्रीफ उरलं, आणि ते बंद दाराआड एकट्याने उरकायची गोष्ट झालं.

एकट्या पडलेल्या या ग्रीफकडे आलं कोण? डॉक्टर. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात शोक आणि मेलँकोलिया वेगळे केले होते आणि शोक हा आजार नव्हे असं स्पष्ट म्हटलं होतं. पुढे २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनमध्ये ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं दगावली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने वाचलेल्यांवर आणि नातेवाइकांवर उपचार केले, आणि १९४४ च्या लेखात ग्रीफची लक्षणं मांडली : घसा आवळणं, उसासे, गळून जाणं. साधं, गुंतागुंत नसलेलं ग्रीफ आठ-दहा बैठकांत, चार ते सहा आठवड्यांत बहुधा मार्गी लागतं, असंही त्याने लिहिलं.

आता मुदतीकडे बघा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका १९८० मध्ये म्हणत होती की नुकत्याच झालेल्या मृत्यूनंतरचं खचलेपण लगेच नैराश्याचा आजार समजू नका. १९९४ च्या आवृत्तीत या सवलतीला दोन महिन्यांची मर्यादा होती. २०१३ मध्ये सवलतच काढली. २०२२ मध्ये ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’ हे नवं निदान आलं : प्रौढ माणसात मृत्यूला वर्ष उलटल्यावर, मुलांमध्ये सहा महिन्यांनी, तीव्र आणि रोजचं जगणं अडवणारं ग्रीफ असेल तर.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. काही माणसं खरोखर त्या दिवशीच अडकून राहतात, आणि निदान झालं तर त्यांना मदत मिळते. अमेरिकेत तर विम्याच्या पैशासाठीही निदान लागतं. पण एक गोष्ट नोंदवा. मुदत नाहीशी झालेली नाही. पूर्वी ती शिंप्याच्या दुकानात होती, आता निदान-पुस्तिकेत आहे. जुनी मुदत सांगायची, ‘एवढे दिवस तुम्ही शोक केलाच पाहिजे.’ नवी विचारते, ‘अजून चालूच आहे?’

आणि सॉरो? १९६२ साली सायमन ओलशान्स्की या अमेरिकन अभ्यासकाने मतिमंद मुलांच्या आई-वडिलांबद्दल एक लहानसा लेख लिहिला. या पालकांना सांगितलं जाई की तुम्ही वस्तुस्थिती ‘स्वीकारा’, मोकळे व्हा. ओलशान्स्की म्हणाला, मूल समोर आहे, त्याच्यावर प्रेम आहे, आणि दुःखही रोजचं आहे. ते संपणार कसं? त्याने शब्द निवडला ‘क्रॉनिक सॉरो’. ग्रीफ म्हटलं असतं तर ते कधी संपणार, असा प्रश्न लगेच आला असता. सॉरो म्हटल्यावर त्याला हे सांगता आलं की ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, हा आजार नव्हे. अशा आईला डॉक्टरने ‘अजून सावरला नाहीत?’ असं विचारायचं, की ‘आज कसं चाललंय?’ असं, हे त्या एका शब्दावर ठरतं.

आपल्याकडे दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध अजून आहे. दुखवटा काढायला नातेवाईक येतात. पण शहरात दोन दिवसांच्या रजेनंतर माणूस ऑफिसात हजर होतो आणि पुढचं सगळं ‘ग्रीफ काउन्सेलिंग’च्या भाषेत बोललं जातं. ती भाषा वापरायला माझी हरकत नाही. फक्त समोरच्याला त्या घडीला काय हवंय, सोबत बसणारी माणसं, डॉक्टर, की नुसती आपल्या खंतीसह जगण्याची मुभा, हे आधी विचारावं. तिन्हीसाठी एकच शब्द वापरला, की आपण भलतीच मदत घेऊन दारात उभे राहतो. एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.