जखमेचा हिशोब

धानोऱ्याच्या परिसरातून कुणाला शस्त्रक्रियेसाठी नंदुरबारला वा सुरतेला नेले, की गावात एकच प्रश्न विचारला जातो : ऑपरेशन नीट झाले का? माणूस आपल्या पायांनी घरी परतला, की आपण देवाचे आभार मानतो आणि विषय संपतो. पुढे आठवड्याभराने जखम लाल झाली, पू धरला, ताप चढला, तर ती त्या घराची खाजगी व्यथा ठरते. तो रुग्ण परत गेला नाही, तर रुग्णालयाच्या दप्तरी 'बरा होऊन गेला' एवढीच नोंद उरते. शस्त्रक्रियेचे खरे फळ मोजावे कुणी आणि केव्हा?

हा प्रश्न हट्टाने विचारणारा एक शल्यचिकित्सक अमेरिकेतील बॉस्टन शहरी होऊन गेला. त्याचे नाव डॉ. अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचे एक पत्रक असावे, त्यावर निदान, उपचार आणि उद्भवलेली गुंतागुंत लिहावी, वर्षभराने त्या रुग्णाची प्रकृती पुन्हा पाहावी आणि फळ चांगले नसेल तर त्याचे कारण प्रामाणिकपणे नोंदवावे, एवढेच त्याचे मागणे होते. ते मानवले नाही. १९१४ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जागेचा राजीनामा दिला. १९११ साली काढलेल्या स्वतःच्या लहानशा रुग्णालयाचा हिशोब मात्र त्याने छापून जगापुढे ठेवला : ३३७ रुग्ण आणि १२३ चुका! स्वतःच्या चुका अशा मोजून सांगणारा वैद्य विरळाच. सहकारी दुरावले. १९४० साली तो निवर्तला. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

या कार्याला आपल्या पवित्र सभेचाही हातभार लागला आहे. १९१५ साली अमेरिकेत कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष मिलवॉकी येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर चार्ल्स मूलिनिए हे होते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने १९१७ साली रुग्णालयांसाठी किमान नियम ठरविले : प्रत्येक रुग्णाची पूर्ण नोंद हवी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून आपल्या कामाचा आढावा घ्यायला हवा. धर्मभगिनींच्या रुग्णालयांनी ही शिस्त स्वीकारावी म्हणून फादर मूलिनिए झटले. पुढच्याच वर्षी ६९२ मोठ्या रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा केवळ ८९ कसोटीला उतरली. १९१९ साली हा आकडा जाहीर झाला. रुग्णालयांच्या नावांची यादी मात्र न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. सत्य हाती आले होते. लाज आड आली.

जवळजवळ नव्वद वर्षांनी हाच धागा एका मराठी घराण्यातील शल्यचिकित्सकाने उचलला. डॉ. अतुल गवांदे यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडनजीकच्या उटी गावचे. अतुल गवांदे अमेरिकेतच जन्मले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली एकोणीस कलमांची एक तपासणी-सूची तयार झाली. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, कापसाचे बोळे मोजले ना, असे साधे प्रश्न. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली. त्यांत दिल्लीचे सेंट स्टीफन्स हे ख्रिस्ती रुग्णालय होते, तसेच टांझानियातील इफाकारा येथील संत फ्रान्सिस यांच्या नावाचे कॅथलिक रुग्णालयही होते. आधी ३७३३ व नंतर ३९५५ रुग्ण तपासले गेले. गंभीर गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर, तर मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. २००९ च्या जानेवारीत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पुढे २०१४ साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र असा लक्षणीय फरक दिसला नाही. कागद भरल्याने जखम भरत नाही. सूचीमागे मन हवे, हाच त्याचा बोध असावा. आणखी एक उणीव आपल्याला जवळची आहे. आठ रुग्णालयांच्या त्या पाहणीत रुग्ण रुग्णालयात असेपर्यंतच, फार तर तीस दिवस, गुंतागुंत मोजली गेली. घरी परतल्यावर चिघळलेली जखम त्या हिशोबाबाहेरच राहिली. आणि आपल्याकडे तर जखम बहुधा घरीच चिघळते.

प्रायश्चित्त संस्कारात "एकंदरीत माझे बरे चालले आहे" असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या दोन्ही सांगावीत, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तो अपमानासाठी नाही, तर बरे होण्यासाठी आहे. कॉडमनचे पत्रक याहून निराळे काय होते? आणि प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळाने शंभर मेंढरे मोजलीच नसती, तर एक हरवले हे त्याला कळले तरी कसे असते?

तेव्हा घरचे माणूस शस्त्रक्रिया होऊन आले, की जखम पुन्हा कधी दाखवायची ते विचारून ठेवावे. ताप आला, पू दिसला, तर संकोच न करता त्याच डॉक्टरांकडे जाऊन सांगावे. ती तक्रार नव्हे. तिची नोंद झाली, तर आपल्यानंतर त्याच खाटेवर येणाऱ्या अनोळखी भावंडासाठी ती सेवाच ठरेल.