मागच्या फळीवरची बाटली

मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या परमिट रूमचा इतिहास लिहायचा, तर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एक म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती येणारे मेनूकार्ड. दुसरा म्हणजे उत्पादन शुल्क खात्यासाठी भरावी लागणारी साठ्याची नोंदवही. नोंदवहीत असलेल्या सगळ्याच बाटल्या मेनूकार्डावर सापडत नाहीत. खात्याच्या लेखी त्या दुकानात असतात, समोर बसलेल्या माणसाच्या लेखी मात्र नसतात. मालकाने डोळ्याने खूण केली की त्यांतली एखादी फडक्यात गुंडाळून कोपऱ्यातल्या टेबलावर जाते. या लेखाचा विषय ती बाटली आहे.

गेली तीस वर्षे मी साकीनाक्याच्या परिसरात राहतो. खैरानी रोडचे कारखाने, सफेद पूल, जरीमरी, साकी विहार रोड या पट्ट्यात संध्याकाळी कामगार, फोरमन, छोटे कारखानदार आणि विमानतळाच्या कामावरून सुटलेली माणसे एकाच परमिट रूममध्ये बसलेली मी पाहिली आहेत. छप्पर एक, पंखे तेच, पण प्रत्येकाला मिळणारी यादी वेगळी. कोणाला छापील यादी, कोणाला तोंडी. मी माझ्यापुरता या प्रथेला ‘तोंडी यादी’ असेच नाव देऊन ठेवले आहे.

ही चाल काही एकट्या मुंबईची नाही. युरोप-अमेरिकेतली नामांकित रेस्तराँही दुर्मीळ वाइनच्या काही बाटल्या यादीबाहेर ठेवतात, आणि त्यामागे समजण्यासारखी कारणे आहेत. फ्रान्समधल्या बरगंडी प्रांतातला रोमाने-काँती हा मळा जेमतेम १.८ हेक्टरांचा. वर्षाला काही हजार बाटल्या, आणि मागणारे जगभर. अशी एखादी बाटली यादीत छापली, तर ती पहिल्याच आठवड्यात एखादा हौशी श्रीमंत केवळ किंमत बघून मागवतो. वीस वर्षे येणारा जाणकार हात हलवत परत जातो. म्हणून मालक ती राखून ठेवतो. टंचाई, व्यापार आणि थोडी माया, असे ते मिश्रण आहे.

आपल्याकडे मात्र या चालीचे मूळ द्राक्षमळ्यात सापडत नाही. ते कायद्याच्या पुस्तकात सापडते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीपासून मोहाच्या दारूपर्यंत सगळ्यावर सरकारचा हात बसवला. पण पिणाऱ्यांची प्रतवारी लावण्याचे काम दारूबंदीने केले. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि सर्वांत मोठा विरोधही पारशी समाजाचाच. काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० मध्ये बंदी पूर्ण झाली.

या अधिनियमातली परवान्यांची कलमे सलग वाचण्यासारखी आहेत. मद्यपान सर्रास चालते अशा परदेशात जन्मून वाढलेल्यांसाठी एक परवाना. राजदूत आणि परकीय राजप्रमुख यांच्यासाठी खास परवाना. पाहुण्यांसाठी वेगळा, पर्यटकांसाठी वेगळा. डॉक्टरच्या शिफारशीने मिळणारा प्रकृतीचा परवाना. शिवाय अडीअडचणीला औषध म्हणून घरात ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन ठेवण्याचा तातडीचा परवाना. शॅम्पेन! ज्या राज्यात ताडीचा मडका फुटत होता, त्याच राज्याच्या कायद्यात शॅम्पेनला औषधाच्या कपाटात जागा होती. कोणी काय प्यावे हे जन्म, हुद्दा, पासपोर्ट आणि डॉक्टरची चिठ्ठी यांवर ठरणार, असे सरकारनेच लिहून दिले. शहराची ही पहिली तोंडी यादी. फरक एवढाच, की ती राजपत्रात छापलेली होती.

या प्रतवारीला एका मुंबईकराने न्यायालयात आव्हान दिले. फ्रामनुसरवानजी बलसारा यांचे म्हणणे असे, की व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, इतकेच काय औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसुद्धा बाळगण्याचा आपल्याला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी रद्द झाली. दारूबंदीचा गाभा मात्र टिकला. सैन्याच्या मेसना दिलेली सूट समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, हे उच्च न्यायालयाने मान्य केलेले म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला वेगळ्या कारणांसाठी शिकवतात. मला त्यात वेगळेच दिसते. एकाच बाटलीपुढे नागरिकांचे गट पाडता येतात, यावर तिथे शिक्कामोर्तब झाले.

साठच्या दशकात, वसंतराव नाईक यांच्या काळात, बंदी सैल होत गेली. परवाना मिळणे सोपे झाले आणि ‘परमिट रूम’ हा शब्द उपनगरांतल्या पाट्यांवर चढला. कायदा मात्र गेला नाही. नाव बदलून तो आजही लागू आहे, आणि ५ रुपयांचा एका दिवसाचा परवाना अजूनही फाडला जातो. पण तो कागद कोणी विचारीनासे झाले, तेव्हा कागदाची जागा ओळखीने घेतली. पूर्वी परवान्यावर शिक्का लागे. आता शेठ नावाने हाक मारतो की नाही, यावर ठरू लागले.

राखून ठेवण्याजोगा मालही तेव्हा होता. परदेशी मद्याची खुली आयात नव्हती. परकीय चलन मिळवणाऱ्या मोठ्या हॉटेलांना ते सरळ मार्गाने मिळे. बाकीच्यांकडे येणारी बाटली तस्करीची, नाहीतर कोणाच्या तरी सामानातून उतरलेली. सहारचा विमानतळ साकीनाक्याला खेटून. त्यामुळे इथल्या मागच्या फळीला कधी उपास पडला नाही. आपल्या बोलीत सगळ्याच विलायती मद्याला ‘वाइन’ म्हणतात, ‘वाइन शॉप’ ही पाटी त्याची साक्ष. म्हणून त्या फळीवर स्कॉच आणि द्राक्षाची वाइन शेजारी शेजारी उभ्या असत.

पुढे नारायणगावला शामराव चौगुले यांची वाइन आली. १९९९ मध्ये नाशिकला सुला सुरू झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि त्याच वर्षी आयातीवरचे संख्यात्मक निर्बंधही उठले. टंचाई ओसरली. मग मागची फळी रिकामी व्हायला हवी होती. झाली नाही. उलट जकात जबर असल्यामुळे महागड्या बाटलीचा मान वाढला, आणि हाताशी एखादी ‘खास’ असणे हे दुकानाच्या प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

यातला विनोद असा, की वाइन उन्हाला भिते. बारा-तेरा अंशांच्या तळघरात जी वीस वर्षे टिकते, ती साकीनाक्याच्या पत्र्याखाली दोन मे महिने काढू शकत नाही. बूच सुकते, हवा शिरते, चव आंबते. नको त्या हाती पडू नये म्हणून जपलेली बाटली हव्या त्या हाती पडते तेव्हा कित्येकदा सिरका झालेली असते. तरी पिणारा तक्रार करत नाही. त्याला चव मिळालेली नसते, पण मान मिळालेला असतो. स्कॉचच्या रिकाम्या बाटलीची गोष्ट आणखी पुढची. भंगारात तिला साध्या काचेपेक्षा जास्त भाव येतो, कारण ती पुन्हा भरता येते. यादीबाहेरच्या बाटलीला बिल नसेल, तर तिच्यात काय आहे याची हमीही नसते.

या उतरंडीचे खालचे टोक विसरता येत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. त्यांना ना छापील यादी मिळाली होती, ना तोंडी. ज्या कायद्याने वरच्या वर्गासाठी औषधी शॅम्पेनची सोय ठेवली, त्याच कायद्याच्या सावलीत खाली पिशवीतली दारू वाढली.

म्हणून मालकाने एक-दोन बाटल्या जुन्या गिऱ्हाइकासाठी ठेवल्या, तर त्याला गुन्हेगार ठरवावे असे मला वाटत नाही. माल थोडा असला की निवड करावीच लागते. घरातसुद्धा आंब्याची शेवटची पेटी सगळ्यांसाठी फुटत नाही. आक्षेप लपवण्याला आहे. यादीत नाव आणि भाव छापावा, समोर ‘माल मर्यादित’ लिहावे. मग नकार मिळाला तरी मागणाऱ्याला कळते, की वस्तू होती आणि संपली. आज त्याला सांगतात, की ती नव्हतीच. पहिल्या उत्तराने माणूस हिरमुसतो. दुसऱ्या उत्तराने तो गिऱ्हाइकांच्या मोजणीतूनच वगळला जातो, आणि हे वगळणे त्याच्या कानावरही येत नाही.